दुपटी ओली, पण वजन काय म्हणतंय?

प्रश्न : मावशी, मी शिवाजी पेठेत माहेरी आहे, पहिलंच बाळंतपण, मुलगी अडीच महिन्यांची. पाजायला घेतलं की दोन मिनिटांत ठसका लागतो, मग तोंड काढून घेते, पाठ धनुष्यासारखी ताणते आणि रडते, परत धरते, परत सोडते. पिऊन झालं की भळकन दूध टाकते, कधी पातळ, कधी दह्यासारखं. दिवसाला सहा-सात दुपटी आणि माझे दोन गाऊन. रडली की मी परत पाजते, दुसरं काय करणार. जन्माला २ किलो ८०० ग्रॅम होती, दहा आठवड्यांच्या डोसला ५ किलो १०० भरली. आई म्हणते तिखट खाऊ नको, दोन महिने मी मऊ भातावर आहे, सासूबाई म्हणतात दृष्ट लागली, आत्या म्हणते गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध पाणी घालून दे. मेडिकलवाल्यानं अॅसिडिटीचे थेंब दिलेत, अजून उघडले नाहीत. हा रिफ्लक्स आहे का?

उत्तर : अगं, पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू मधेच कुठंतरी टाकलीयस, वजन. सत्तर दिवसांत २ किलो ३०० ग्रॅम, म्हणजे दिवसाला सरासरी तीस ग्रॅमच्या वरच. या वयात दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम वाढलं तरी आम्ही डॉक्टर खूश असतो, तेव्हा दूध पोटात राहतंय हे नक्की. दिवसाला सहा-सात वेळा शू करत असेल, मधल्या वेळेत हसत-बघत असेल तर मला दुपट्यांची काळजी जास्त वाटते, त्यात हा कोल्हापूरचा पाऊस, वाळत कुठं असतील! एकदा दोन चमचे दूध कोरड्या दुपट्यावर ओतून बघ, केवढा डाग पडतो ते, मग भळकन म्हणजे नेमकं किती ते कळेल.

रिफ्लक्स म्हणशील तर हो, तोच. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू या वयात ढिला असतो, खाणं सगळं पातळ, आणि बाळ दिवसभर आडवं, मग दूध वर येणारच. दह्यासारखं दिसतं कारण ते पोटात जाऊन फाटलेलं असतं, बिघडलेलं नव्हे. हे साधारण चौथ्या महिन्यापर्यंत वाढतं, बाळ बसायला लागलं की कमी होतं आणि वर्षाच्या आत-बाहेर बहुतेकांचं थांबतं. म्हणजे अजून थोडं वाढेल, घाबरू नको.

पण ठसका आणि पाठ ताणणं, हे मला थोडं वेगळं वाटतंय. सुरुवातीलाच ठसका लागतो म्हणजे बहुतेक तुझं दूध जोरात येतंय, नळ एकदम सोडल्यासारखं, ती गटागटा पिते, सोबत हवा गिळते, मग पोट तडतडतं आणि ती रडते, तू भूक समजून परत पाजतेस, भरलेल्या तांब्यात अजून ओतल्यासारखं. तर पाजायच्या आधी हातानं थोडं दूध वाटीत काढ, पहिला जोर ओसरू दे. मग तू मागं रेलून बस आणि तिला पोटावर उपडी घेऊन पाज, म्हणजे दूध तिला वर ओढावं लागेल. मधे एकदा थांबून ढेकर काढ, पाचेक मिनिटांत नाही आली तर नाही आली, पाठ बडवत बसू नको. नंतर वीस-तीस मिनिटं उभी खांद्यावर, हे काम आजोबांना दे, त्यांना आवडतं. लगेच साडीच्या झोळीत मात्र नको, झोळीत बाळ दुमडतं, पोट दाबलं जातं, हनुवटी छातीला टेकते. झोपवायचं सपाट जागी, पाठीवरच. दूध टाकतंय म्हणून पोटावर झोपवायचं नाही आणि मोहरीची उशी खाली सारून डोकंही उचलायचं नाही.

आता रस्सा. मिरची खाल्ली म्हणून दूध तिखट होत नाही, तू जेव नीट, रविवारी वाटीभर तांबडा घे, आईला माझं नाव सांग. कट्ट्याचं दूध आत्यांना मिशा पांढऱ्या करून पिऊ दे, बाळाला वर्षाच्या आत नको, पाणीसुद्धा सहा महिने नको, मध-बाळगुटीही नको. दृष्ट काढायची तर काढा, मीठ-मोहरीची धुरी फक्त बाळाच्या खोलीबाहेर. थेंब परत कर. अॅसिडिटीच्या औषधानं दूध टाकणं थांबत नाही, ते वर आलेल्या दुधातलं आम्ल कमी करतं एवढंच. शीमध्ये शेंबडासारखा श्लेष्मा किंवा रक्त दिसलं, अंगावर खूप चट्टे उठले तर मात्र डॉक्टरांना दाखव, कधीकधी गाई-म्हशीच्या दुधातलं प्रथिन सोसत नाही, मग आईनं दोन-चार आठवडे दुधाचे पदार्थ बंद करून बघतात, पण ते डॉक्टर सांगतील तेव्हाच, आजपासूनच दही-ताक सोडून बसू नको.

प्रश्न : आमचा मुलगा पाच आठवड्यांचा. चार दिवस झाले, प्रत्येक वेळी पिऊन झालं की कारंज्यासारखी उलटी करतो, दोन हात लांब जाते. लगेच परत भूक लागते. शू कमी झाली. गावात सगळे म्हणतात बाळं दूध टाकतातच. (एक बाबा, कागल)

उत्तर : टाकतात, पण अशी नव्हे. पत्र मिळाल्या मिळाल्या मी यांना फोन केला, अंकाची वाट बघितली नाही. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात, मुलग्यांत जास्त, जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होतो आणि दूध पुढं सरकतच नाही. बाळ चांगलं भुकेलं असतं, म्हणून घरच्यांना धीर वाटतो, तिथंच फसायला होतं. सोनोग्राफीत कळतं, आधी सलाईननं अंगातलं पाणी-क्षार भरून काढतात, मग छोटं ऑपरेशन, आणि बाळ बहुधा एक-दोन दिवसांत प्यायला लागतं. यांनी त्याच संध्याकाळी बाळाला कोल्हापूरला आणलं. हिरवी उलटी, उलटीत रक्त, पोट टम्म फुगलेलं, बाळ मलूल, वजन अडलेलं, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप, यातलं एक जरी दिसलं तरी ओपीडीच्या वेळेची वाट बघायची नाही, सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, जवळ असो की खासगी दवाखाना, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.