'फ्रेंड्स' ही जुनी अमेरिकन विनोदी मालिका ओटीटीवर बघता येते, मग तिचा बॉक्स सेट विकत घेण्यात काही अर्थ आहे का?

आहे. फक्त जुन्या डीव्हीडींचा घ्या, ब्लू-रेचा नको. का, ते सांगायचं तर मध्ये आमचा दादा येणार, त्याला इलाज नाही.

माझ्याकडे अमेरिकेहून आणवलेला दहाही सीझनचा डीव्हीडी सेट होता. २३६ भाग, आणि आईबरोबर त्यांची किती पारायणं झाली याचा हिशोब नाही. आईला इंग्रजी जेमतेम. खालची अक्षरं वाचून होईपर्यंत विनोद पुढे निघून गेलेला असायचा. पण मालिकेतला जोई खायला बसला की तिला काही वाचावं लागायचं नाही. तिसऱ्या सीझनच्या एका डिस्कवर तिच्या बांगडीचा ओरखडा होता. तिथे चित्र अडकायचं आणि मालिकेतला रॉस तोंड उघडं टाकून तसाच राहायचा. ती जागा यायच्या आधीच आम्ही दोघी हसायला लागायचो.

घर बदललं तेव्हा मी परगावी होते. दादाने तो सेट रद्दीबरोबर देऊन टाकला. "अगं, सगळं मोबाईलवर असतं आता. ती डबडी कशाला सांभाळायची?" डबडी म्हणाला! कडाक्याचं भांडण झालं, वहिनी मध्ये पडली, आणि माझ्या वाढदिवसाला त्याने ब्लू-रेचा सेट आणून हातात ठेवला. "घे. तुझ्या त्या सेटपेक्षा चांगला आहे."

चित्र खरंच चांगलं, खोटं कशाला बोलू? मालिकेचं शूटिंग ३५ मिमी फिल्मवर झालेलं, ती फिल्म नव्याने स्कॅन करून २०१२ मध्ये हे ब्लू-रे काढले. मोनिकाच्या जांभळ्या भिंती मी पहिल्यांदा धड पाहिल्या. पण दोन-चार भागांतच चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. कॉफीहाऊसमधला एक प्रसंग, त्याचं शेपूट मला तोंडपाठ, आणि तो अर्ध्यातच संपला. दादा म्हणाला, तुला भास होतोय. मग पुढे वर्षभर घरात तोच विनोद. आमटीत मीठ कमी पडलं तरी म्हणायचा, "बघ, हेही कापलं वाटतं."

भास नव्हता. अर्ध्या तासाच्या वेळेतून जाहिराती वजा केल्या की मालिकेला साधारण २२ मिनिटं उरायची, म्हणून प्रसंगांना कात्री लागायची. अमेरिकेत डीव्हीडी काढताना बहुतेक भागांत हे कापलेले तुकडे परत जोडले. ब्लू-रेवर मात्र टीव्हीवर लागलेलीच आवृत्ती आहे. ओटीटीवरही तीच. तेव्हा 'ओटीटीवर सगळं आहे' असं कोणी ऐकवलं तर खुशाल खोडून काढा.

शिवाय मालिका चौकोनी टीव्हीसाठी बनलेली. ब्लू-रे काढताना रुंद पडद्यासाठी कडेची चौकट उघडल्यावर जे कधी दिसायचंच नव्हतं ते आत आलं. एका ठिकाणी तर मुख्य नटीच्या जागी भलतीच कुणी बाई बसलेली दिसते. 'साइनफेल्ड' या दुसऱ्या जुन्या अमेरिकन मालिकेचं उलट झालं. २०२१ मध्ये ती नेटफ्लिक्सवर आली तेव्हा रुंद करण्यासाठी चित्र वरून-खालून कापलं, आणि रस्त्यातल्या खड्ड्यावरच्या भागात खड्डाच चौकटीबाहेर गेला! आणि ओटीटीचा भरवसा किती? २०२० उजाडताच 'फ्रेंड्स' अमेरिकेतल्या नेटफ्लिक्सवरून गेली, ती थेट मे महिन्याच्या शेवटी एचबीओ मॅक्स हे दुसरं ओटीटी सुरू झाल्यावर पुन्हा दिसली. मधले जवळजवळ पाच महिने ज्यांच्याकडे डबडी होती ते निवांत होते.

शेवटी मी जुना डीव्हीडी सेट कुणाकडून तरी वापरलेला मिळवला. दादाला समोर बसवलं, तोच भाग लावला. शेपूट आलं, शब्दन् शब्द मला आठवत होता तसं. दादाने पूर्ण पाहिलं आणि म्हणाला, "बरं, मग? एवढ्याशासाठी?"

आता तुमच्या उपयोगाचं. डीव्हीडी जगाच्या कुठल्या भागात चालेल त्याचा आकडा ठरलेला असतो, त्याला रीजन म्हणतात. अमेरिकन डीव्हीडी रीजन १ च्या असतात, आपल्याकडचे प्लेअर रीजन ५ चे. सगळे रीजन चालवणारा प्लेअर नसेल तर सेट नुसता कपाटात शोभेला. मोठ्या टीव्हीवर डीव्हीडीचं चित्र मऊ, जरा धुरकट दिसतं. ते खपत नसेल तर ब्लू-रे घ्या, मी काही म्हणणार नाही. वापरलेला घेताना प्रत्येक डिस्क उजेडात तिरकी धरून बघा आणि मोजून घ्या. पुठ्ठ्याच्या खाचांतून ओढून-ओढून ओरखडे पडलेले असतात. काही भागांवर निर्मात्यांची कॉमेंटरी आहे, ती चुकवू नका. वर्षातून एकदाच बघणार असाल तर मात्र खरंच ओटीटी पुरे, हे मी आधीच सांगायला हवं होतं.

आणि घरात कोणाला विचारून घेऊ नका. ज्याला तो बघायचा नसतो त्यालाच कपाटातली जागा मोजायची असते. या मिळवलेल्या डीव्हीडी सेटवर मी आतल्या बाजूने माझं नाव लिहून ठेवलंय. परवा वहिनीने हळूच विचारलं, पहिले दोन सीझन नेऊ का, यांना बघायचेत. म्हटलं, त्याला म्हणावं मोबाईलवर बघ.