बुद्धं ‘सरणं’ की ‘शरणं’?

प्रश्न : ऐरोलीतल्या एका विहाराच्या बुद्धपौर्णिमेच्या पत्रिकेच्या प्रूफात ‘बुद्धं सरणं गच्छामि’ असं आलंय. मंडळातले ज्येष्ठ म्हणतात, सरण म्हणजे चिता. मंगल पत्रिकेत ‘शरणं’च हवं. योग्य काय?

उत्तर : प्रूफ बदलू नका. ओळ पालीतली आहे आणि पालीत श-ष नाहीतच, सगळीकडे दंत्य स. शीलाचं सील, शिक्षापदाचं सिक्खापद, तसं शरणाचं सरण. चितेचं सरण हा मराठी शब्द, त्याचा या ओळीशी संबंध नाही. इथे अर्थ आहे आसरा. धम्मपद या बुद्धवचनांच्या पाली ग्रंथातली १८८वी गाथा ‘बहुं वे सरणं यन्ति पब्बतानि वनानि च’ अशी सुरू होते : भ्यालेली माणसं डोंगर, रानं, झाडं यांचा आसरा शोधतात. उलट मराठीत ‘शरण जाणे’ला हार पत्करल्याची छटा आहे, ती पाली ओळीत नाही. तेव्हा अर्थाकडे बघितलं तर ज्येष्ठांना खटकायला हवं होतं ते ‘शरण’!

‘त्रिशरण’, ‘पंचशील’ हे मथळे मात्र मराठी आहेत, ते तसेच राहू द्या. ‘बुद्धं शरणं गच्छामि’ हे संस्कृत म्हणून शुद्धच. पण मग पुढच्या ओळींत ‘धम्मं’च्या जागी ‘धर्मं’ आणि ‘दुतियम्पि’च्या (दुसऱ्यांदाही) जागी ‘द्वितीयमपि’ही आलं पाहिजे. ‘धम्मं शरणं’ ना पाली, ना संस्कृत. पत्रिकांवर सर्रास दिसते ती हीच खिचडी.

कोणी ‘बुद्धम् सरणम्’ म्हणत असेल तर त्याला अडवू नका. श्रामणेर (नवशिक्या भिक्खूच्या) दीक्षेत अनुस्वारान्त आणि मकारान्त अशी दोन्ही रूपं म्हणवून घ्यायची परंपरा आहे. छापताना मात्र अनुस्वारच द्या, कारण म्-चा पाय छपाईत हमखास गळतो आणि ‘बुद्धम’ उरतं.

पंचशील छापत असाल तर खरा धोका तिथे आहे. चोरी न करण्याच्या शीलातल्या ‘अदिन्नादाना’मधल्या न्ना-चा काना सोडू नका : अदिन्न म्हणजे न दिलेलं, आदान म्हणजे घेणं. काना गेला की ‘घेणं’ जाऊन ‘दान’ उरतं आणि शीलाचा अर्थच उलटतो. ‘समादियामि’चं ‘समाधियामि’ होतं ते समाधी डोक्यात असल्यामुळे. मूळ अर्थ स्वीकारतो, अंगीकारतो. ‘पाणातिपाता’त ण, आणि ‘कामेसु’, ‘कामेषु’ नको.

मद्य टाळण्याच्या पाचव्या शीलातला ‘सुरामेरयमज्जपमादट्ठाना’ हा शब्द अरुंद रकान्यात मावत नाही आणि डीटीपीवाला तो कुठेही तोडतो. तोडायचाच तर ‘सुरामेरयमज्ज-’ इथे तोडा, ‘पमादट्ठाना’ पुढच्या ओळीत अखंड घ्या. जुन्या फॉण्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात ट्ठ फुटलेला असू शकतो, तो प्रूफाच्या कागदावर बोट ठेवून तपासा.