उत्तर : नाईट गार्डचे पैसे भरण्याआधी

डिचोलीच्या ताई, तुमची पोस्ट वाचली. नवरा घोरतो, घोरता घोरता मध्येच गप्प होतो आणि मग हाबकून श्वास घेतो. दिवसा बसल्या जागी पेंगतो. दाढा झिजल्यात म्हणून दातांच्या डॉक्टरांनी रात्री घालायचा गार्ड करून घ्या म्हटलंय, तर करू का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय धाकटा मुलगा तोंड उघडं टाकून झोपतो, हे शेवटी जाता जाता लिहिलंय. मुलाचं खाली सांगतो. नवऱ्याचं जे लिहिलंय ते आमच्या घरात होऊन गेलंय. फक्त आमच्याकडे घोरणारा मी होतो.

मी डॉक्टर नाही, वेर्णेला कंपनीत शिफ्टला जाणारा माणूस आहे. माझं बघून औषधोपचार ठरवू नका. वजन, कुशीवर झोपणं, सिगरेट वगैरे तुम्हाला दहाजणांनी सांगून झालं असेल, ते मी सोडून देतो.

गार्डचे पैसे आत्ता भरू नका. आधी स्लीप स्टडी करा, म्हणजे रात्री झोपेत श्वास कसा चालतो ते मोजायची तपासणी. रात्री दात खाणं आणि ॲप्निया, म्हणजे झोपेत पुन्हा पुन्हा श्वास अडणं, ही बऱ्याच जणांत जोडीनेच असतात. साधा सपाट गार्ड दाढा वाचवतो, घसा मोकळा करत नाही. उलट २००४ साली कॅनडात दहाच रुग्णांवर एक छोटा अभ्यास झाला होता, त्यात वरच्या दातांवरचा असा गार्ड घातल्यावर काहींचा ॲप्निया वाढलेला दिसला. दहा माणसांवरून घाबरून जायचं कारण नाही, पण मधेच श्वास थांबतो हे बायको सांगत असताना कुणी नुसता गार्ड करून देत असेल तर त्याने कान बंद ठेवलेत असं मी म्हणेन.

श्वासासाठी दातांचे डॉक्टर जे देतात ते वेगळं. त्याला अप्लायन्स म्हणतात. वरच्या आणि खालच्या दातांवर एकेक साचा, आणि खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवायची सोय. जीभ आतून हनुवटीच्या हाडाला बांधलेली असते, त्यामुळे जबडा पुढे आला की जीभही पुढे येते आणि मागे घशावर पडत नाही. एवढं साधं आहे, आणि ज्यांना चालतं त्यांना छान चालतं. सगळी गोम तो जबडा नेमका किती पुढे घ्यायचा यात आहे.

आता माझा राग. नाव घेत नाही, गावही सांगत नाही. एक चकाचक क्लिनिक होतं, भिंतीवर झोपेचं मोठं पोस्टर. माझ्या स्टडीत एएचआय २७ आला होता, म्हणजे तासाला सरासरी सत्तावीस वेळा श्वास थांबणं किंवा मंदावणं. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर गंभीर, असा हिशोब असतो. सीपॅप मशीनचा, म्हणजे दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा, मास्क मला काही केल्या सोसेना, म्हणून छातीच्या डॉक्टरांनीच दातांकडे जा म्हटलं. त्या क्लिनिकने माप घेतलं, घसघशीत पैसे घेतले आणि वरखाली जोडलेला एकसंध तुकडा हातात दिला. पुढे-मागे करायला स्क्रू नाही, पट्टी नाही. नंतर बोलावून एकच प्रश्न : घोरणं कमी झालं का? बायको म्हणाली, झालं. लगेच फाईलवर ‘सुधारणा’ लिहून मोकळे.

पण मी दिवसा तसाच. मीटिंगमध्ये पेंगायचो. रात्रपाळी संपवून घरी येताना बोरी पुलावर स्कूटर चालवता चालवता डोळा मिटलाच होता, समोरच्या टिप्परच्या हॉर्नने वाचवलं. मी त्यांना म्हटलं, हे तोंडात घालून एकदा परत स्टडी करूया का. उत्तर मिळालं, ‘कशाला खर्च? बायको सांगते ना आवाज नाही.’ हेच मला आजही झोंबतं. आवाज हा घशाच्या थरथरण्याचा असतो. तो बंद झाला आणि श्वास तसाच अडत राहिला, असं होऊ शकतं. शेवटी मी दुसरीकडे जाऊन, तो तुकडा तोंडात घालून स्टडी केली. एएचआय १९. म्हणजे माझा ॲप्निया मध्यमच होता, फक्त घरातल्यांना झोप लागत होती! परत गेलो तर म्हणाले, हा पुढे सरकत नाही, नवा करावा लागेल, आणि त्याचे पैसे पुन्हा पूर्ण.

यातला गमतीचा भाग असा की हे काही नवं ज्ञान नाही. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या आणि झोपेचं काम करणाऱ्या दंतवैद्यांच्या संघटनांनी मिळून २०१५ सालीच मार्गदर्शन काढलंय : अप्लायन्स माणसाच्या मापाचा आणि पुढे-मागे करता येणारा असावा, दंतवैद्याने अधूनमधून बघत राहावं, आणि तो घालून झोपेची तपासणी परत करावी. पोस्टर लावायला वेळ आहे, हे वाचायला नाही.

दुसऱ्या ठिकाणी स्क्रूवाला मिळाला. सुरुवात कमी ठेवून, दर थोड्या दिवसांनी मिलिमीटरच्या अंशाने पुढे. जबडा दुखला की थांबायचं. शेवटी तपासणीत एएचआय ६. सकाळी पहिला अर्धा तास दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, कडक उंडा (आमचा गोव्याचा पाव) चावताना कळतं. पुष्कळांना सुरुवातीला लाळही खूप येते किंवा तोंड कोरडं पडतं. वर्षानुवर्षं वापरून दात किंचित सरकूही शकतात, हे आधी सांगणारा डॉक्टर मला खरा वाटतो. सकाळी दात जागेवर आणायला छोटा तुकडा चावायला देतात, तो कंटाळा न करता वापरा.

तुमच्या नवऱ्याचा आकडा तिसाच्या वर आला तर माझ्या मते आधी सीपॅप मनापासून लावून बघा, अप्लायन्सचा विषय नंतर. आकडा खाली आणण्यात मशीन पुढेच आहे. अप्लायन्सची जमेची बाजू ही की लोक तो रात्रभर घालतात, आणि पावसात आमच्याकडे वीज जाते तेव्हा तो बंद पडत नाही. मात्र हिरड्या सुजलेल्या, दात हलणारे किंवा दातच मोजके असतील तर आधी ते निस्तरावं लागतं, साच्याला धरायला काहीतरी हवं ना.

खर्चाचं विचाराल तर कंपनीच्या विमेवाल्यांनी मला ‘दातांचं आहे, बसत नाही’ म्हणून परत पाठवलं. झोपेचा रिपोर्ट, छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं जोडलं होतं. घशाच्या आजाराचं औषध तोंडात बसतं हा माझा गुन्हा. तुम्ही आधी लेखी विचारून घ्या. आणि खाजगीत जाण्याआधी बांबोळीला एक चक्कर मारा, गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी इस्पितळ) आणि दंत महाविद्यालय दोन्ही तिथेच आहेत. रांग असेल, असू दे.

किरकोळ : अप्लायन्स गरम पाण्यात धुवू नका, वाकतो. पावसाळ्यात ओला डबीत कोंबू नका, वास मारतो. कुत्रा असेल तर उंचावर ठेवा, आमच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्याला कवळीसुद्धा आवडते. उर्राक, फेणी अशा काजूच्या दारूचा ग्लास रात्री झोपण्याआधी घेतला तर घसा आणखी सैल पडतो, मोसम असो नसो. नवऱ्याचं कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ॲप्नियाचं आधी सांगा.

आता धाकटा. लहान मुलात आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर, कारण बहुतेक वेळा टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढलेल्या असतात. टाळू अरुंद असेल तर ती रुंदावणारी पट्टी दातांचे डॉक्टर लावतात, वाढीच्या वयात काहींना फायदा होतो, पण ते दुसऱ्या पायरीचं काम. मोठ्या माणसाला तीच काढघालीची पट्टी लावून ॲप्निया बरा करतो म्हणणारा भेटला तर पैसे खिशातच राहू द्या. मोठेपणी टाळूचा सांधा घट्ट झालेला असतो, तो नुसत्या पट्टीने सहसा उघडत नाही.

स्टडी होईपर्यंत नवऱ्याला रात्रीची लांबची गाडी चालवायला देऊ नका.