आपले प्रश्न, आमची उत्तरे : पेटीतले दीपस्तंभ

प्रश्न : माझे थोरले काका व्यापारी जहाजावर नोकरीस होते. ते गेल्यानंतर त्यांच्या लोखंडी पेटीत वीतभर उंचीचे दोन दीपस्तंभ निघाले. एकावर काळे-पांढरे पट्टे वेटोळे घेत वर चढतात. तळाशी ‘केप हॅटरस’ हे नाव आणि तिरप्या रेघेने विभागलेले दोन आकडे आहेत. दुसरा करड्या दगडाचा वाटतो, तळाशी ‘एडिस्टन’ असे लिहिले आहे, आणि त्याच्या शेजारी एक तुटका बुंधा उभा आहे. आमची आजी दोघांनाही ‘दीपमाळ’ म्हणत असे. ही नुसती खेळणी आहेत का? आणि तो तुटका भाग कारागिराकडून पूर्ण करून घ्यावा का? — एक वाचक, परभणी

उत्तर : कृपा करून त्या बुंध्याला कारागिराचा हात लागू देऊ नका. तो तुटलेला नाही. मूर्तिकाराने तो तसाच घडवला आहे, आणि तुमच्या पेटीतील सर्वांत बोलका ऐवज तोच आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, प्लिमथ बंदराबाहेर भर समुद्रात एडिस्टन नावाचे खडक आहेत. तेथे १६९८ मध्ये हेन्री विन्स्टन्ली याने पहिला दीपस्तंभ उभारला. १७०३ च्या प्रचंड वादळात तो वाहून गेला आणि त्या रात्री दुरुस्तीसाठी मुक्कामाला गेलेला विन्स्टन्लीही त्याच्याबरोबर गेला. दुसरा, बहुतांशी लाकडाचा मनोरा १७५५ मध्ये जळाला. त्यानंतर जॉन स्मीटन या अभियंत्याने १७५९ मध्ये पूर्ण केलेल्या तिसऱ्या मनोऱ्यात दगड एकमेकांत सुताराच्या खाचेसारखे अडकवले, पाण्याखालीही घट्ट होणारा चुना वापरला आणि मनोऱ्याचा घेर वडाच्या बुंध्यासारखा तळाशी रुंद ठेवला. (स्मीटनने उपमा ओक वृक्षाची दिली होती, वड हा आमचा पदरचा.) हा मनोरा इतका पक्का निघाला की शंभराहून अधिक वर्षांनी झिजला तो त्याच्याखालचा खडक. लाटा आदळल्या की सारी इमारत हादरू लागल्याने शेजारच्या खडकावर जेम्स डग्लस याने चौथा मनोरा बांधला आणि तो १८८२ मध्ये प्रज्वलित झाला. स्मीटनच्या मनोऱ्याचा वरचा भाग उतरवून प्लिमथच्या किनाऱ्यावर पुन्हा उभारण्यात आला. खालचा भाग मात्र उकलेना, म्हणून तो खडकावर तसाच राहिला आणि आजही तेथे आहे. तुमच्याकडील करडा मनोरा डग्लसचा आहे आणि बुंधा स्मीटनचा. आता त्याचा माथा पाहा. प्रत्यक्ष मनोऱ्यावर १९८० च्या सुमारास हेलिकॉप्टर उतरण्याचा मंच बसवण्यात आला. तुमच्या प्रतिकृतीवर तो नसेल, तर तिने त्यापूर्वीचे रूप दाखवले आहे असे समजावे.

काळ्या-पांढऱ्या वेटोळ्यांचा मनोरा अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील असून तो विटांचा आहे आणि १८७० चा आहे. ते पट्टे शोभेसाठी नाहीत. तो किनारा सखल, वाळूचा आणि मैलोन्‌मैल एकसारखा असल्यामुळे दिवसा खलाशाला आपण नेमके कोठे आहोत हे कळावे म्हणून प्रत्येक मनोऱ्याला निराळा वेष देण्यात आला : हॅटरसला वेटोळे, केप लुकआउटला शंकरपाळ्यांसारखे चौकोन, बोडी बेटावर आडवे पट्टे, तर करिटकची लाल वीट रंगाविना तशीच. रात्री हेच काम प्रकाशाच्या उघडझापीचा ठरलेला क्रम करतो. समुद्र किनारा खात जवळ आल्यामुळे १९९९ मध्ये हा अखंड मनोरा रुळांवरून सुमारे २,९०० फूट आत सरकवण्यात आला.

तळाच्या आकड्यांविषयी थोडक्यात. पहिला आकडा तुमच्या नगाचा, दुसरा एकूण काढलेल्या नगांचा. अमेरिकेतील हार्बर लाइट्स या कंपनीने १९९१ पासून अशा क्रमांकित प्रतिकृती काढल्या व त्यांचा संग्रह करण्याची मोठी लाट आली. ती आता ओसरली आहे, तेव्हा विक्रीतून फार मोठ्या रकमेची अपेक्षा ठेवू नये. सोबतचे प्रमाणपत्र आणि मूळ खोका सापडल्यास किंमत थोडी वाढते, म्हणून पेटी पुन्हा एकदा नीट चाळावी.

प्रश्न : दीपस्तंभांच्या प्रतिकृती जमवणे ही अलीकडची, परदेशी आणि समुद्रकाठच्या लोकांची हौस नव्हे काय? आपल्या मराठवाड्याचा तिच्याशी काय संबंध? — एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : अलीकडची तर मुळीच नव्हे. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया बंदराचा फॅरोस हा दीपस्तंभ इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातला : खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी, वर गोल. चौदाव्या शतकातील भूकंपांनी तो पाडला आणि १४७७ च्या सुमारास त्याच जागी सुलतान काइतबे याने किल्ला बांधला. मग त्याचे रूप आपल्याला कळते कसे? बऱ्याच अंशी प्रतिकृतींमुळेच. रोमन सम्राटांच्या काळात अलेक्झांड्रियाच्या टांकसाळीने पाडलेल्या नाण्यांवर तो आहे. त्या शहराच्या पश्चिमेस अबुसिर येथे त्याच तीन टप्प्यांचा एक लहान मनोरा आजही उभा आहे. आणि अफगाणिस्तानातील बेग्राम येथे फ्रेंच उत्खननात मिळालेल्या एका काचेच्या पात्रावर जो उठावाचा मनोरा आहे, तो फॅरोसच असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. मूळ वास्तू समुद्रात गेली आणि प्रतिकृती साक्षीला उरल्या, असे उदाहरण क्वचितच सापडते.

आता मराठवाड्याविषयी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, असल्याचे नोंदले आहे. पैठणचे अकीकासारखे दगड आणि तेरचे कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोचला जाई, तेथून जहाजाने तांबड्या समुद्रातील बंदरांना व पुढे नाईल नदीने अलेक्झांड्रियाला पोहोचे. तेथून रोमकडे निघालेल्या गलबतांना फॅरोस दिसत असणारच. म्हणजे आपल्या विणकरांनी तो मनोरा पाहिला नसला, तरी त्यांच्या कापडाने तो पाहिला असावा, इतके म्हणण्यास हरकत नाही.

प्रतिकृतींची हौसही आपल्याकडे होती. रोमन नाण्यांची मातीत उठवलेली नक्कल तेरच्या अवशेषांत मिळाली आहे. अशा काही नगांना ओवण्यासाठी भोक किंवा कडी असल्यामुळे ती गळ्यात घालत असावेत, असे अभ्यासक मानतात. लातूरहून तेर दूर नाही. तेथील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय आपण एकदा अवश्य पाहावे आणि मग परदेशी हौस कोणती व देशी कोणती, हे आम्हाला लिहून कळवावे.

प्रश्न : मुलाने परदेशातून आणलेल्या दीपस्तंभाचा पांढरा रंग दोन उन्हाळ्यांतच पिवळसर झाला. स्पिरिटने पुसावा का? — एक गृहिणी, नांदेड

उत्तर : नको. अशा बहुतेक वस्तू दगडाची पूड मिसळलेल्या राळेच्या ओतकामाच्या असतात आणि त्यांवरचा रंग स्पिरिट वा थिनरने सुटतो. पिवळेपणा मुख्यतः थेट उन्हाने येतो व सहसा परत जात नाही. तो वाढू नये म्हणून कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोरून हलवावे. आपल्याकडची उन्हाळ्यातील धूळ ओल्या फडक्याने पुसल्यास सज्जाच्या बारीक कठड्यांत चिखलासारखी बसते, त्यामुळे रंगकामाचा मऊ कोरडा कुंचला वापरावा. कठडा मोडलाच, तर तुकडा कागदात गुंडाळून प्रतिकृतीजवळच ठेवावा. घाईने लावलेल्या झटपट डिंकाचा पांढरा डाग मोडलेल्या कठड्यापेक्षा अधिक दिसतो.