अर्ज आधी, तालीम नंतर

प्रिय,

तुझ्या पत्रातल्या सगळ्या प्रश्नांचा गाभा एकच आहे: आयर्लंडचं सरकार कलेला पैसे देतं म्हणतात, तर ते मागायचे कुठे आणि कसे? शेवटी नवऱ्याच्या क्रिकेट क्लबचा प्रश्नही हळूच सरकवला आहेस. त्याचंही सांगते, पण आधी तुझ्या नाटकाचं.

पहिली गोष्ट ही की एकच एक खिडकी नाही. २०२० पासून पर्यटन, कला आणि खेळ ही तिन्ही खाती एका छपराखाली होती. २०२५ मध्ये पर्यटन उद्योग खात्याकडे गेलं आणि कला-क्रीडा दुसऱ्या खात्यात राहिले. या पाट्या बदलत राहतात, त्यांचं तू मनावर घेऊ नकोस. पैसे बहुतेक वेळा खात्याच्या हातून नाही, स्वायत्त संस्थांच्या हातून येतात. कलेसाठी आर्ट्स कौन्सिल (१९५१ पासून), खेळासाठी स्पोर्ट आयर्लंड (२०१५), देशातल्या पर्यटनासाठी फॉल्चा आयर्लंड (२००३). मंत्र्याला निवेदन द्यायची, फोटो काढायची आपल्याकडची सवय इथे कामाची नाही. कुणाला निधी द्यायचा हे आर्ट्स कौन्सिल स्वतः ठरवते, तिथे मंत्र्याचा शब्द चालत नाही. ओळखीतल्या कुणी ‘आमदार-खासदाराकडून बघू’ म्हटलं तर हसून सोडून दे.

आता सगळ्यात कोरडी, पण सगळ्यात आधी बघायची गोष्ट: तुझ्या आयआरपी कार्डावरचा, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याच्या कार्डावरचा, स्टॅम्प. स्टॅम्प १ म्हणजे परमिटवर नाव असलेल्या मालकाकडेच काम करायची मुभा. स्वतःचा व्यवसाय त्यात बसत नाही, आणि नाटकाचं मानधन घेणारा कलाकार हा करखात्याच्या लेखी बहुतेक वेळा स्वयंरोजगारी असतो. विद्यार्थ्यांच्या स्टॅम्प २ वर सत्रात आठवड्याला २० तास नोकरी चालते, स्वयंरोजगार चालत नाही. स्टॅम्प ४ मिळाला की हा अडसर जातो. तू क्रिटिकल स्किल्स परमिटवर, म्हणजे टंचाई असलेल्या कौशल्यांसाठीच्या कामाच्या परवान्यावर, आहेस, म्हणजे साधारण दोन वर्षांत तो टप्पा येतो. तोवर निधी घ्यायचा असेल तर इमिग्रेशन खात्याकडून लेखी उत्तर मागव आणि ते जपून ठेव. आर्ट्स कौन्सिल तुझा व्हिसा तपासत बसणार नाही. तो धोका तुझा.

तुझ्यासाठी योग्य दार आर्ट्स कौन्सिलच्या ‘अजिलिटी अवॉर्ड’चं. जास्तीत जास्त ५,००० युरो, एका कलाकाराला, स्वतःची कला, काम किंवा कौशल्य पुढे नेण्यासाठी. नाटक उभं करायला हे पैसे नाहीत. नाटक लिहायला, मोडायला, पुन्हा लिहायला आहेत. ‘मला प्रयोग करायचा आहे’ असं लिहिलंस की वाचणारा पुढच्या अर्जाकडे वळेल. ‘दुसऱ्या अंकातला दोन भाषांचा संवाद अजून सापडलेला नाही, त्यासाठी तीन नटांबरोबर दोन दिवस आणि एका अनुभवी नाट्यसंपादकाची सहा बैठकांची सोबत हवी आहे’ असं लिहिलंस, तर काय चाललंय ते त्याला दिसतं.

‘व्यावसायिक कलाकार’ या शब्दाला घाबरू नकोस. पोट कलेवर चालतं का, असं ते विचारत नाहीत. तू स्वतःला कलाकार मानतेस का आणि या क्षेत्रातले लोक तुला मानतात का, एवढंच बघतात. पुण्या-मुंबईचं काम मोजलं जातं, पण समजावून सांगावं लागतं. ‘पुरुषोत्तम करंडक’ हे दोन शब्द कॉर्कमधल्या माणसाला काही सांगत नाहीत. ती आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा आहे, तू लेखन केलंस की दिग्दर्शन, अंतिम फेरीत होतीस का, हे एका वाक्यात लिही. मराठी संहितेची तीन-चार पानं इंग्रजीत करून जोड. व्हिडिओ दिलास तर उपशीर्षकांसह दे, आणि कितव्या मिनिटापासून बघायचं ते लिही. दीड तासाची अख्खी फीत कुणी बघत नाही. लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहा, पासवर्ड मागणारी लिंक म्हणजे न जोडलेली लिंक.

आता नकार कुठे येतात ते. एक: काम आधीच सुरू झालेलं असणं. निर्णय येण्याच्या आत ज्या कामाला सुरुवात होणार, त्याला पैसे मिळत नाहीत. आपल्या डोक्यात उलटं बसलेलं असतं, की आधी तालमी सुरू करू, उत्साह दाखवू, पैसे येतीलच. इथे तो उत्साह अर्ज बाद करतो. निर्णयाला काही महिने लागतात, तेव्हा सुरुवातीची तारीख त्याच्या पुढचीच टाक. दोन: स्पर्धेत भाग घेण्यासाठी, धर्मादाय निधी उभारण्यासाठी किंवा मुख्यतः नफ्यासाठी केलेलं काम. मराठी नाटकाची अर्धी वाढ स्पर्धांवर झाली, त्यामुळे हे आपल्या माणसाला विचित्र वाटतं, पण नियम तसा आहे. मराठी मंडळाच्या मदतनिधीसाठीचा प्रयोग याच कलमात अडकतो.

तीन: हिशेब. इथे थोडी थांबते, कारण चांगले अर्ज इथेच घसरतात. आकडे उदाहरणापुरते धर. नाट्यसंपादकाच्या ६ बैठका, प्रत्येकी १२० युरो, म्हणजे ७२०. तीन नट, दोन दिवस, दिवसाला १८०, म्हणजे १,०८०. तुझे स्वतःचे लेखनाचे २० दिवस, ११० प्रमाणे, २,२००. कॉर्क-डब्लिन रेल्वेच्या तीन फेऱ्या, १५०. बेरीज ४,१५०. आता मंडळाने हॉल दोन दिवस फुकट दिला. त्याचं भाडं ९० प्रमाणे १८० झालं असतं. ते खर्चात १८० म्हणून लिही आणि जमेतही, वस्तुरूप मदत म्हणून, १८० लिही. खर्च ४,३३०, जमा १८०, मागणी ४,१५०. हॉल फक्त जमेत लिहिलास तर मागणी विनाकारण १८० ने घटते, फक्त खर्चात लिहिलास तर फुकटच्या हॉलचे पैसे मागितल्यासारखं दिसतं. अर्जात मागणीचा आकडा जिथे जिथे येतो, तिथे तिथे तो एकच हवा.

आणि स्वतःच्या दिवसांचे पैसे लाव. ‘मी माझं काही घेत नाही’ हा आपल्याकडे मोठेपणा समजतात. इथे वाचणाऱ्याला शंका येते, की वीस दिवस ही बाई खाणार काय आणि काम पुरं करणार कशी? प्रकल्प जमेल का, हा त्यांच्या तीन कसोट्यांपैकी एक आहे. उरलेल्या दोन म्हणजे कलेचा दर्जा आणि त्या पुरस्काराच्या उद्देशाशी मेळ. नटांना फुकट राबवणारा अर्ज तर कुणालाच आवडत नाही.

कामाचा क्रम असा ठेव. आधी आर्ट्स कौन्सिलच्या ऑनलाइन खात्यासाठी नोंदणी कर. मिळणारा कलाकार क्रमांक यायला पाच कामकाजाचे दिवस लागू शकतात, आणि त्याशिवाय अर्ज पाठवता येत नाही. मग त्या वर्षाची मार्गदर्शिका वाच, गेल्या वर्षीची नको. मजकूर बाहेर लिहून, शब्द मोजून, मगच फॉर्ममध्ये घाल. मुदत बहुधा सायंकाळी साडेपाचची असते, आणि शेवटच्या दिवशी दुपारी दोननंतर तांत्रिक अडचण आली तर मदतीची हमी नसते. म्हणून आदल्या दिवशी पाठव. साडेपाच म्हणजे साडेपाचच.

नकार आला तर अभिप्राय माग. आर्ट्स कौन्सिलकडे २०१९ मध्ये साडेसात कोटी युरो होते, २०२५ मध्ये १४ कोटी झाले, तरी मागणारे त्याहून जास्त वाढलेत. एक नकार म्हणजे तुझ्या नाटकावरचा निकाल नाही.

दरम्यान तुझ्या काउंटीच्या कला अधिकाऱ्याला भेट. देशात ३१ स्थानिक प्राधिकरणं आहेत आणि कलेसाठीचं छोटं अनुदान त्यांच्याकडेही असतं. रक्कम लहान, पण अर्ज सोपा, आणि पुढच्या मोठ्या अर्जात ‘काउंटी कौन्सिलने साथ दिली’ ही एक ओळ वजनदार ठरते. मंडळातल्या लोकांना घेऊनच काही करायचं असेल, म्हणजे आज्यांच्या ओव्या गोळा करून त्यांच्याबरोबर एखादा प्रयोग रचायचा असेल, तर ‘आर्टिस्ट इन द कम्युनिटी’ ही योजना बघ. आर्ट्स कौन्सिलसाठी ती ‘क्रिएट’ ही संस्था चालवते. तिथे कलाकार आणि गट दोघांनी मिळून काम घडवायचं असतं. तू शिकवणार आणि ते टाळ्या वाजवणार, हे चालणार नाही.

कलाकारांना आठवड्याला ३२५ युरो देणाऱ्या मूलभूत उत्पन्न योजनेबद्दल विचारलंस. २०२२ मध्ये २,००० जणांची निवड झाली ती पात्र अर्जदारांतून सोडत काढून, दर्जा लावून नाही. ऑक्टोबर २०२५ च्या अर्थसंकल्पात ती प्रायोगिक योजना संपल्यावरही पुढे चालवायचं जाहीर झालं. नव्या फेरीचे नियम नव्याने वाच. आणि त्या पैशावर कर लागतो, तो धरूनच घरखर्चाचा विचार कर.

करावरून आठवलं, कलाकारांची करमाफी. १९६९ पासूनची ही सवलत सगळ्यांना तोंडपाठ असते आणि निम्म्यांना चुकीची. ती पाच प्रकारांनाच आहे: पुस्तक वा अन्य लेखन, नाटक, संगीतरचना, चित्र आणि शिल्प. नाटक लिहिलंस तर मानधन माफीत बसू शकतं, त्यात भूमिका केलीस तर त्याचं मानधन बसत नाही. तुझी तबलावादक मैत्रीण मैफलीच्या बिदागीवर ही माफी मागू शकत नाही, रचना केली तर मागू शकते. काम मूळ आणि सर्जनशील हवं, तेव्हा जुन्या मराठी नाटकाचं भाषांतर आपोआप बसेल असं धरू नकोस. वर्षाला ५०,००० युरोंपर्यंत प्राप्तिकर माफ होतो. पीआरएसआय (सामाजिक विम्याची वर्गणी) आणि यूएससी (उत्पन्नावरचा वेगळा अधिभार) द्यावेच लागतात, विवरणपत्रही भरावंच लागतं. माफी मागच्या वर्षांना लागू होत नाही, म्हणून ज्या वर्षी पहिलं मानधन येईल त्याच वर्षी अर्ज कर.

आता क्लब. खेळाच्या सुविधांसाठीची योजना, आधीचा स्पोर्ट्स कॅपिटल अँड इक्विपमेंट प्रोग्राम, आताचा कम्युनिटी स्पोर्ट फॅसिलिटीज फंड, क्रीडा खातं स्वतःच ‘ऑस्कर’ नावाच्या ऑनलाइन यंत्रणेतून चालवतं. ती दर वर्षी उघडत नाही. फेरी निघाली की आठवडे मोजकेच मिळतात, आणि क्लबच्या नोंदणीची मुदत अर्जाच्या मुदतीआधीच संपते. म्हणून नोंदणी आणि कर-मंजुरीचे क्रमांक शांत काळातच करून ठेवा.

काउंटी कौन्सिलच्या पार्कात खेळणाऱ्या क्लबची मोठी अडचण जमिनीची असते. कायमचे नेट किंवा खेळपट्टी बांधायची तर जागेचा मालकीहक्क किंवा दीर्घ मुदतीचा लेखी करार दाखवावा लागतो. ‘दर रविवारी खेळतो, कुणी हटकत नाही’ याला कागद म्हणत नाहीत. त्यापेक्षा पहिल्या वेळी फक्त साहित्याचा अर्ज करा. त्यातही वैयक्तिक साहित्य बसत नाही. बॅट, पॅड, जर्सी, चेंडू नाही. हलवता येणारे नेट, गोलंदाजीचं यंत्र, खेळपट्टीची आच्छादनं, गवत कापायचं यंत्र, डिफिब्रिलेटर (बंद पडलेल्या हृदयाला झटका देणारं यंत्र) चालतं. प्रत्येकाची दरपत्रकं जोडा, आणि क्लबने आपला वाटा उचलायचा आहे तो बँकेच्या उताऱ्यात दिसू द्या. हा उतारा क्लबच्या नावाचा हवा. खजिनदाराच्या खात्यात वर्गणी जमा होत असेल तर आजच वेगळं खातं काढा.

गुण कशाला मिळतात? मुली-महिलांचा सहभाग, मागास वस्ती, सुविधा दुसऱ्या क्लबला वा शाळेला वापरू देणं, आणि पूर्वी निधी न मिळालेला असणं. अर्जापुरता कागदी महिला संघ काढू नका. शाळेशी वापराचा लेखी करार करणं सोपं, खरं, आणि त्याचे गुण पक्के. आणि इथेही तोच नियम: मंजुरीआधी विकत घेतलेल्या यंत्राचे पैसे मागे मिळत नाहीत.

पर्यटनाचं थोडक्यात. तिथे एकच गोष्ट मोजली जाते: बाहेरून किती लोक आले आणि किती रात्री राहिले. तुझ्या मंडळाच्या गणेशोत्सवाला काउंटीतलीच माणसं येतात, तेव्हा तो अर्ज लिहिण्यात वेळ घालवू नकोस. या खात्याशी आपला एक धागा आहे तो मात्र सांगते. मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचे चिरंजीव लिओ वराडकर पंतप्रधान व्हायच्या आधी, २०११ ते २०१४, पर्यटन आणि क्रीडामंत्री होते. हॉटेलांवरचा व्हॅट ९ टक्क्यांवर आला तो त्यांच्याच काळात, आणि मॅलिन हेड ते किन्सेल असा २,५०० किलोमीटरचा ‘वाइल्ड अटलांटिक वे’ हा किनाऱ्यालगतचा पर्यटनमार्गही. किन्सेल तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे.

कार्डावरचा स्टॅम्प आज रात्रीच बघ. कलाकार क्रमांकाची नोंदणी या आठवड्यात कर. आणि अर्जाचा मसुदा झाला की आधी हिशेबाचं पान पाठव, गोष्ट नंतर वाचेन.