आवडीचं काम करतानाही थकवा येतो, तेव्हा रेटून पुढे जावं का?

आधी थकवा कुठला ते ओळखा. दिवसभराच्या कामानंतर रियाजाला किंवा चित्राला बसताना येतो तो कंटाळा बरेचदा सुरुवातीपुरताच असतो. अशा वेळी मी स्वतःला फक्त दहा मिनिटं देतो. हात चालू लागला की पुढचं आपोआप होतं. नाहीच लागला तर उठतो, आणि त्याची खंत करत नाही.

अपुऱ्या झोपेचा थकवा मात्र रेटू नका, हे कळकळीने सांगतो. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्याने झोप अनावर होते. कॉफी त्याचा परिणाम तेवढा झाकते, साठा तसाच राहतो. सलग १७ तास जागल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते, असं १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं होतं. शिवाय दिवसा शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो, त्यामुळे झोप मोडून केलेला रियाज फारसा अंगी लागत नाही.

त्या कामाचं नावही नको वाटत असेल तर आठवडाभर सगळं बाजूला ठेवा. बहुतेकदा चौथ्या-पाचव्या दिवशी हात शिवशिवू लागतात. भरपूर झोपूनही थकवा आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. रक्तक्षय किंवा थायरॉइडचा त्रासही असू शकतो.