गुंतवणुकीआधी एजंट व्हायचं का?

प्रश्न : मखमलाबाद किंवा आडगावकडे एखादा प्लॉट घेऊन ठेवावा असा विचार आहे. आधी महारेराकडे (घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) एजंट म्हणून नोंदणी कर, म्हणजे व्यवहारातलं कळेल आणि दलालीही वाचेल, असं मित्र सांगतो. करावी का? – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नोंदणीची गरज नाही. स्वतःच्या पैशांनी स्वतःच्या नावावर प्लॉट घ्या, भाड्याने द्या, पुढे विका. त्यासाठी कसलाही परवाना लागत नाही. रेरा कायद्यातली एजंटची नोंदणी आहे ती नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट-प्लॉट दुसऱ्यांना मिळवून देऊन दलाली घेणाऱ्यांसाठी. 20 तासांचं प्रशिक्षण, मग परीक्षा, त्यानंतर व्यक्तीसाठी 10,000 रुपये शुल्क आणि 5 वर्षांची मुदत. हा व्यवसायच करायचा असेल तर जरूर करा. रेराचे नियम, करारनामा, कार्पेट एरिया (घरातलं प्रत्यक्ष वापराचं क्षेत्रफळ) हे सगळं त्यात नीट समजतं. पण अमुक गटाचा (क्रमांक दिलेल्या जमिनीचा) मालक खरा कोण, हे तिथे कळत नाही. आणि दलाली वाचवायला थेट मालकाशी किंवा बिल्डरशी बोललं तरी पुरे. मात्र 500 चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन घेऊन प्लॉट पाडून विकायचा बेत असेल, तर तुम्ही स्वतःच प्रवर्तक (प्रकल्प उभारणारे) ठरता आणि प्रकल्पाचीच नोंदणी करावी लागते.

तेच पैसे वकिलाच्या 30 वर्षांच्या सर्च रिपोर्टकडे, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींच्या तपासणीकडे वळवा. त्याआधी 15 रुपयांत मिळणारा डिजिटल सहीचा सातबारा स्वतः काढा. आधी भोगवटादार वर्ग, म्हणजे जमीन मालकाकडे कोणत्या अटींवर आहे, ते पाहा. वर्ग 2 असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. मग 'इतर हक्क' हा रकाना. बँकेचा बोजा, कूळ, कोर्टाचा दावा, बहिणींची नावं हे सगळं तिथे दिसतं. प्रत्येक नोंदीपुढचा फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) क्रमांक घेऊन तो फेरफार वाचा.

शहराच्या कडेला सर्वांत जास्त पैसे अडकतात ते सामाईक सातबाऱ्यात. एका गटावर दहा-बारा नावं असतात आणि तुमच्यापुढे येतो दीड गुंठ्याचा 'प्लॉट'. मंजूर लेआउट (प्लॉट पाडण्याचा आराखडा) नाही, पोटहिस्सा (गटाचा वेगळा नोंदलेला भाग) पडलेला नाही, मोजणी झालेली नाही. जागेवर चुन्याची रेघ असते, कागदावर हद्द कुठेच नसते. अशा प्लॉटवर बँक कर्ज देत नाही आणि बांधकामाची परवानगीही मिळत नाही, म्हणून पुढचा गिऱ्हाईकही फिरकत नाही. बिनशेती आदेश आणि मंजूर लेआउटचा नकाशा हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका, एवढं आमचं कळकळीचं सांगणं आहे.

महापालिका हद्दीत नगररचना विभागातून झोन दाखला घ्या. रस्त्याचं किंवा उद्यानाचं आरक्षण त्यात कळतं. गोदावरी किंवा नासर्डीच्या जवळ असाल तर पूररेषाही तपासा. नोंदणीकृत प्रकल्पात करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. कुणी मागितली, तर तिथेच थांबा.

प्रश्न : आम्ही शेतकरी नाही. शेती झोनमधली जमीन 'नंतर एनए (बिनशेती) होईल' म्हणून घ्यावी का? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : नका घेऊ. कूळ कायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. परवानगी किंवा बिनशेतीचं काम विक्रेत्याने आधी पूर्ण करावं, खरेदीखत त्यानंतर.